बोरू, खिळा आणि संगणक

देवनागरी अक्षराचा डौल बोरूच्या तिरक्या कापांतून आला. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. तेथें तो डौल शिशाच्या खिळ्यांत उतरला. परंतु खिळ्याचा मूळ ठसा कारागीर हातानेंच कोरीत असे.

पुढें संगणक आला. त्यासाठीं सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं ‘मंगल’ हें अक्षर घडविलें. विंडोज २००० बरोबर तें घरोघर पोंचलें. संगणकास डोळा नाहीं. वेलांटी कोठें वळावी, जोडाक्षर कसें जुळावें, हें त्यास आधीं सांगावें लागतें; आणि तें सांगण्यास बोरूची संवय असलेला हात लागतो. यंत्र एक अक्षर लक्ष वेळां उमटवील. घरांतून बोरूच नाहींसा झाला, तर पहिलें वळण देणार कोण?