पल्ला आणि थांबा : अमेरिकेतील आरंभीच्या विजेच्या मोटारी

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वाफेवर, पेट्रोलवर आणि विजेवर चालणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या मोटारी रस्त्यावर होत्या, आणि १९०० साली तेथे तयार झालेल्या चार हजारांहून थोड्या अधिक गाड्यांपैकी दीड हजारांवर विजेच्या होत्या. त्यामुळे पुढील दोन दशकांत त्या मागे का पडल्या, याचे उत्तर केवळ बॅटरीच्या दुबळेपणात शोधणे पुरेसे नाही.

या गाड्यांना बळ मिळे ते शिसे-आम्ल बॅटरीचे, म्हणजे सौम्य गंधकाम्लात शिशाच्या पट्ट्या बुडवून केलेल्या विद्युतसंचायकाचे, ज्याचा शोध गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लावला होता. बॅटरीत किती वीज उरली हे कळावे म्हणून आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने मोजत. भरलेल्या बॅटरीत ते १.२८च्या आसपास असे आणि वीज खर्च होईल तसे उतरत जाई. पुढे अँपिअर-तास मापक, म्हणजे आत गेलेल्या व बाहेर पडलेल्या विजेचा हिशेब ठेवणारे यंत्र, गाडीतच बसू लागले. तरीही चढ, चिखल आणि थंडी यांनी पल्ला, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर, किती घटेल याचा अंदाज चालवणाऱ्यालाच बांधावा लागे.

बॅटरी भरण्यास एकाच दिशेने वाहणारा एकदिश प्रवाह लागतो; ज्या वस्तीत दिशा बदलत राहणारा प्रत्यावर्ती प्रवाह येई, तेथे पीटर कूपर ह्यूइट याने १९०२ मध्ये शोधलेला पाऱ्याचा एकदिशकारक उपयोगी पडे; पारा असलेल्या निर्वात काचपात्रात निळसर-जांभळा प्रकाश चमकत राही आणि मोटारखान्यात उभी गाडी रात्रभरात भरे. लांबच्या वाटेवर मात्र रात्रीची वाट पाहणे परवडत नसे, म्हणून दुपारच्या मुक्कामात मोठा प्रवाह सोडून बॅटरीला जोर देण्याची रीत पडली. रिकामी बॅटरी असा प्रवाह सहज घेते, पण भरत आली की आम्लातून बुडबुडे सुटतात, उष्णता वाढते आणि प्रवाह कमी करावा लागतो, त्यामुळे शेवटचा हिस्साच सर्वाधिक वेळ खाई. (आजची लिथियम बॅटरीही ऐंशी टक्क्यांनंतर मंदावते, मात्र तिची कारणे वेगळी आहेत.)

डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची गाडी एका चाचणीत एकाच चार्जिंगवर सुमारे ३४० किलोमीटर धावली, आणि नेहमीच्या वापरासाठी कंपनी सुमारे १३० किलोमीटरचा पल्ला सांगे. असे विक्रम जाहिरातीच्या कामाचे होते. प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते पल्ला संपेल तेथे वीज मिळते की नाही हे. शहरापुरते हे कोडे हार्टफर्डच्या वीज कंपनीने १९१० ते १९२४ या काळात सफाईने सोडवले : ग्राहक बॅटरीविना वाहन घेई, मासिक आकार आणि कापलेल्या अंतराचे पैसे देई, आणि रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेई. प्रामुख्याने मालवाहू वाहनांसाठी असलेली ही सोय फारच दूरदर्शी म्हटली पाहिजे, पण ती वीज कंपनीच्या आवाक्यातच चाले.

शहराची हद्द ओलांडली की चित्र पालटे. पेट्रोलला तारा लागत नसत; ते डब्यांत भरून गावच्या किराणा दुकानातही विकता येई, आणि १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आल्यावर हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याचा त्रासही सरला. याउलट, १९३०च्या दशकाच्या मध्यावरही अमेरिकेतील दहांपैकी सुमारे नऊ शेतघरांत वीज पोचलेली नव्हती. ती पोचवण्याचा सरकारी कार्यक्रम रूझवेल्ट यांच्या राजवटीत १९३५ मध्ये सुरू झाला, तेव्हा डेट्रॉइट इलेक्ट्रिक केवळ मागणीनुसार मोजक्या गाड्या बांधत होती; १९३९च्या सुमारास तेही थांबले.