शाळा सुटल्यानंतरचा मोबाइल : शिक्षणक्षेत्राचे दोन दृष्टिकोन

वडोदऱ्यातील कारेलीबाग ही सयाजीबागेजवळची निवासी वसाहत. गायकवाडी काळापासून शहरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील मुले घरी मराठी, शेजारी गुजराती आणि पुष्कळदा शाळेत इंग्रजी बोलतात. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या या मुलांची मराठी मुख्यतः घरातल्या गप्पांवर जगते. त्यामुळे शाळेबाहेरच्या वेळेत मोबाइल कशाची जागा घेतो, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

ग्रामीण भारताच्या ‘असर २०२४’ पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. साधन हाती आले म्हणून त्याचा वापर शिकण्यासाठीच होतो असे नाही, हे यातून दिसते.

याबाबत शिक्षणक्षेत्रात दोन दृष्टिकोन आहेत. पहिला, साधन योग्य रीतीने घरी पोहोचवण्याचा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यामुळे कविता, ध्वनिचित्रफिती व स्वाध्याय शाळेबाहेरही उपलब्ध झाले. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले.

दुसरा दृष्टिकोन, ठरावीक वेळ साधनापासून मुक्त ठेवण्याचा. कोविडनंतर शाळेत परतलेल्या मुलांचे लक्ष लागत नसल्याचे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथील शिक्षकांच्या ध्यानात आले. ऑगस्ट २०२२ पासून गावात सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. तेव्हापासून साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचे ठरले. आशा सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन पालकांची समजूत घातली. या उपक्रमाचे मर्म असे की बंधन केवळ मुलांवर नव्हते, मोठ्यांनीही ते पाळायचे होते.

हे दोन दृष्टिकोन परस्परविरोधी भासले, तरी मुलाला मोबाइलसोबत एकटे सोडू नये, हा विचार दोहोंना पूरक आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही वयाचे भान आहे. दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन देऊ नये, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी कमाल मर्यादा दिवसाला एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांपेक्षा कमी, असे त्या सुचवतात. कारेलीबागेतल्या नातवंडाला कोकणातल्या आजीशी मराठीत बोलता यावे यासाठी हाच अपवाद मोलाचा आहे.

शाळेबाहेरच्या शिक्षणाचा विचार वडोदऱ्याला नवा नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. मूल शाळेत पाठवण्याची जबाबदारी पालकांवर होती व कसूर केल्यास दंड होता. पुढे १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारण्यात आले; फिरत्या ग्रंथपेट्यांतून पुस्तके खेड्यांपर्यंत गेली. सक्तीच्या जोडीला वाचण्याजोगे काहीतरी हाती देणे, हे त्या धोरणाचे वैशिष्ट्य होते.

आजही केवळ मोबाइल काढून घेतल्याने रिकामी झालेली संध्याकाळ आपोआप भरत नाही. तेथे पुस्तक, मैदान किंवा मोठ्यांची सोबत असावी लागते. कोकणी, मराठी आणि इंग्रजीत वाढणाऱ्या गोव्यातील मुलांनाही हेच लागू पडते. घरच्या भाषेत रोज तासभर बोलणारे माणूस त्यांना लाभले, तर उरलेल्या वेळेतील मोबाइलला मर्यादा घालणे सोपे जाते.