इजिप्तची अन्नसुरक्षा

इजिप्तमधील गव्हाची आयात, साठवण व अनुदानित वाटप यांची सरकारी व्यवस्था आणि तिला मिळणारे अर्थसाहाय्य. देशाचा बहुतांश भाग वाळवंटी असून शेती जवळजवळ सर्वस्वी नाईल नदीच्या पाण्यावर अवलंबून आहे. 10 कोटींहून अधिक लोकांची गव्हाची गरज देशी पिकातून भागत नाही. म्हणून इजिप्तची गणना जगातील सर्वांत मोठ्या गहू-आयातदार देशांत होते.

वाटप : कोंडा राखून दळलेल्या पिठाची, भट्टीत टम्म फुगणारी ‘ऐश बलदी’ ही गोल रोटी गरिबांचे मुख्य अन्न होय. शिधापत्रिकेवर माणशी दररोज 5 रोट्या मिळतात. लाभार्थी सुमारे 7 कोटी आहेत. जानेवारी 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्या सरकारने अन्नावरील अनुदान कमी करताच दंगली उसळल्या, अनेकांचे बळी गेले आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर सरकारे दरवाढीला कचरत राहिली. 2020 मध्ये दराला हात न लावता रोटीचे वजन 110 वरून 90 ग्रॅमवर आणले गेले. जून 2024 मध्ये मात्र तिचा दर 5 वरून 20 पिआस्टर (पिआस्टर म्हणजे इजिप्शियन पौंडाचा शंभरावा भाग) झाला.

साठवण : पूर्वी बराच गहू ‘शूना’ नावाच्या उघड्या आवारांत पोत्यांच्या थप्प्या लावून ठेवला जाई. ऊन, पाखरे, उंदीर व कीड यांमुळे त्याची मोठी नासाडी होई. संयुक्त अरब अमिरातीच्या मदतीने प्रत्येकी 60,000 टनांची 25 पोलादी कोठारे (सायलो) उभारण्यात आली.

अर्थसाहाय्य : आयातीचा बहुतेक गहू रशिया व युक्रेनमधून येत असल्याने 2022 मध्ये त्या दोन देशांत पेटलेल्या युद्धाचा फटका तत्काळ बसला. एप्रिलमध्ये इजिप्तने भारतीय गव्हाला मान्यता दिली. परंतु 13 मे रोजी भारताने निर्यातबंदी केली. जूनमध्ये जागतिक बँकेने 50 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जुलैमध्ये जेद्दा येथील इस्लामी विकास बँकेच्या समूहाने इजिप्तसह सदस्य देशांसाठी 10.54 अब्ज डॉलरचा अन्नसुरक्षा कार्यक्रम जाहीर केला. समूहातील व्यापार-वित्त संस्था ‘मुराबहा’ पद्धतीने पैसा पुरवते. या व्यवहारात व्याज नसते : संस्था माल विकत घेते आणि आधी ठरलेला नफा मिळवून तो खरेदीदार देशाला उधारीवर विकते.

मूल्यमापन : उधारीच्या गव्हाने त्या वर्षाची चूल पेटती राहते, देणे मात्र परकीय चलनात फेडावे लागते. मार्च 2022 च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे 16 इजिप्शियन पौंड पडत, मार्च 2024 मध्ये सुमारे 50 पडू लागले. त्यामुळे पौंडांत मोजला जाणारा आयातीचा भार वाढला. गहू-खरेदीची कर्जे संकटकाळी अपरिहार्य असली, तरी कोठारे, कालवे, सुधारित बियाणे आणि शेतकऱ्याला पेरणीपूर्वी जाहीर होणारा रास्त हमीभाव यांवरचा खर्चच इजिप्तच्या अन्नसुरक्षेला टिकाऊ आधार देऊ शकतो.