राहाबेच्या मुखींचें भाषण : एक परीक्षण

जुना कागद हातीं आला म्हणजे तो कोणी, केव्हां व कोणत्या पक्षाकडून लिहिला, हें संशोधक प्रथम पाहतो. जेत्याच्या कागदांत जितांचें बोलणें आलें असेल, तर ही दक्षता दुप्पट घ्यावी लागते. बायबलांतील यहोशवाच्या पुस्तकांत आलेली राहाबेची कथा या दृष्टीनें तपासण्याजोगी आहे.

कथा अशी. कनान देशावर चालून जाण्यापूर्वीं यहोशवानें दोन हेर यरीहो नगरांत धाडले. राहाब नांवाच्या वेश्येनें त्यांस धाब्यावर लपविलें, राजाच्या माणसांस चुकविलें, आणि हेरांकडून शपथ घेऊन आईबाप व भावंडें यांच्यासाठीं अभय मिळविलें. पुढें नगर जाळलें गेलें. तिचें घराणें तेवढें वांचलें.

बोट्स्वाना येथील विदुषी मूसा डुबे यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या कथेचा विचार केला आहे. त्यांच्या देशावर १८८५ पासून १९६६ पर्यंत इंग्रजांचा अंमल होता. त्यांचें म्हणणें असें कीं, जितांनीं जसें बोलावें असें जेत्यांस वाटतें, तसेंच राहाब बोलते. भूमि व स्त्री दोन्हीही येथें आपण होऊन स्वाधीन होतात.

या मतास ग्रंथांतर्गत पुरावा मिळतो. देश इस्राएलास दिला गेला आहे असें ती स्वतःच सांगते. आकाश व पृथ्वी यांचा देव एकच, हें तिचें वचन अनुवादाच्या चौथ्या अध्यायांतील शब्दांशीं जुळतें; कनानी लोकांची भीतीनें उडालेली गाळण निर्गमाच्या पंधराव्या अध्यायांतील गीतांतही आहे. कनानी स्त्रीच्या तोंडीं इस्राएलाचेंच शास्त्र आलें, तें लेखकाच्या लेखणींतून. ती आजवर इस्राएलांत राहते, हें सहाव्या अध्यायांतील वाक्यही प्रसंग व लेखन यांतील अंतर दाखवितें. शिवाय १९५२ ते १९५८ या काळांत कॅथलीन केन्यन यांनीं यरीहो येथें उत्खनन केलें. तेथील तटबंदीचें नगर इ. स. पूर्वीं सुमारें १५५० च्या सुमारास नष्ट झालें, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ही स्वारी बहुधा तेराव्या शतकांत धरतात. त्या काळच्या तटाचा मागमूस त्यांस लागला नाहीं.

तेव्हां हें भाषण राहाबेच्या मनाचा पुरावा होत नाहीं. लिहिणाऱ्यांच्या मनाचा मात्र तो उत्तम पुरावा आहे. तिची हुशारी व आप्तांची काळजी कथेनें जपली, हेंही मान्य केलें पाहिजे. परंतु त्याच सहाव्या अध्यायांत नगरांतील इतर स्त्रिया, बालवृद्धांसह, तरवारीखालीं गेल्याची नोंद आहे. त्यांच्यापैकीं एकीचाही शब्द लेखकानें टिपलेला नाहीं.