बॅ. अंतुले : एका लोकप्रतिनिधीचा हिशेब



आमदार म्हटले की आपल्याला दाखल्यावरची सही, पुलाचे उद्घाटन आणि स्नेहसंमेलनातील भाषण आठवते. आमदाराचे खरे काम कोणते आणि त्याची पारख कोणत्या कसोटीवर करावयाची, याचा विचार आपण क्वचितच करतो. हा विचार करावयाचा तर बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरे मिळणे कठीण. आपल्या घरांत त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते; इतरत्र त्यांच्या नावामागोमाग सिमेंटचा विषय निघतो. दोन्हीकडे वहीचे एकच पान वाचले जाते. आज आपण जमा आणि खर्च अशी दोन्ही पाने उघडून पाहू या.

अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ रोजी आंबेत येथे झाला. सावित्री खाडीच्या काठचे हे गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. अशा गावातील मुलगा मुंबईत शिकला, पुढे लंडनला गेला आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन परतला. ज्या काळी कोकणातील मुसलमान घरांतून मुलगा थोडा मोठा झाला की जहाजावर किंवा मुंबईच्या गोदीत नोकरी शोधत असे, त्या काळची ही गोष्ट आहे. शिक्षणाने माणसाचा मार्ग कसा बदलतो, हे वेगळे सांगावयास नको.

१९६२ साली ते महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले आणि १९७६ पर्यंत सभागृहात राहिले. श्रीवर्धन मतदारसंघाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मतदारसंघात मुस्लिम मतदार बहुसंख्य नव्हते. कुणबी, आगरी, कोळी, मराठा अशा सर्व समाजांनी मते दिली म्हणून ते निवडून आले. पुढे राज्याच्या मंत्रिमंडळात कायदा, बंदरे, मत्स्यव्यवसाय, इमारती व दळणवळण अशी खाती त्यांनी सांभाळली. १९७६ मध्ये ते राज्यसभेवर गेले.

१९८० च्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या आणि ९ जून १९८० रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे ते पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्यानंतर आजवर दुसरा झालेला नाही. त्यांची कारकीर्द मात्र अवघी एकोणीस महिन्यांची ठरली. एवढ्या अवधीत त्यांनी काय केले, ते पाहा.

१९८० मध्येच संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. आधार नसलेले वृद्ध, विधवा आणि अपंग यांना सरकारी तिजोरीतून दरमहा मदत मिळू लागली. पुढे अनेक सरकारे बदलली, रकमा बदलल्या, पण योजना टिकली. तहसील कचेरीत त्या योजनेचा अर्ज भरणारी म्हातारी कोणत्या धर्माची, हे कधी कोणी विचारले नाही.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना असे नवे जिल्हे निघाले. जिल्हा म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे. सावंतवाडीच्या शेतकऱ्याला जिल्हा कचेरीतील कामासाठी दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर तुडवून रत्नागिरीस जावे लागे. ती पायपीट संपली. २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत बसू लागले आणि मराठवाड्यातील पक्षकाराची मुंबईची वारी वाचली. सरकार लोकांच्या दारापर्यंत नेले पाहिजे, ही त्यांची भूमिका या निर्णयांतून दिसते.

कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मिळाले. लंडनहून भवानी तलवार परत आणण्याचा मनोदयही त्यांनी जाहीर केला होता. तलवार आली नाही. पण शिवछत्रपती हा साऱ्या महाराष्ट्राचा वारसा आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे, हे आंबेतच्या एका मुसलमानाने मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवरून सांगितले. त्यांची सर्वच मते सर्वांना पटली असे नाही. अध्यक्षीय राज्यपद्धतीचा त्यांनी उघड पुरस्कार केला, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली.

आता दुसरे पान. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा न्यास स्थापन केला. कलावंत व साहित्यिकांना साहाय्य हा त्याचा जाहीर हेतू होता. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि ते परवान्यावर मिळे. न्यासाला देणगी देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना सिमेंटचा वाढीव कोटा मिळतो, असा आरोप झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी इंडियन एक्सप्रेसमध्ये हे प्रकरण छापले. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निर्णय दिला. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला.

प्रकरण येथे संपले नाही. फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपविला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेश मागे घेतला. असा खटला विशेष न्यायाधीशानेच चालवावा असे कायदा सांगतो, आणि न्यायालयाच्या स्वतःच्या चुकीचा भुर्दंड कोणाही पक्षकारावर पडता कामा नये, हे त्यामागचे तत्त्व. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निर्णय अभ्यासतात. ज्या कायद्याने मुख्यमंत्र्याला खुर्ची सोडावयास लावली, त्याच कायद्याने आरोपी म्हणून त्याचा हक्कही राखला.

पुढे अंतुले चार वेळा लोकसभेवर निवडून आले. २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालय नव्याने निघाले, त्याचे ते पहिले मंत्री. त्याच वर्षी सच्चर समितीचा अहवाल आला. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के, तर मुसलमानांची ५९.१ टक्के होती. त्यांच्या कार्यकाळात, २००७-०८ पासून, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना सुरू झाल्या आणि त्यांत ३० टक्के हिस्सा मुलींसाठी राखला गेला. २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वाचकहो, या हिशेबातून आपण काय घ्यावे? आपला माणूस म्हणून त्याच्या चुकांवर पांघरूण घालणे, ही त्याची सेवा नव्हे. आणि एका प्रकरणासाठी त्याचे सारे काम पुसून टाकणे, हा न्याय नव्हे. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांना अधिक लागू आहे. न्यासाचा हेतू कितीही चांगला असो, देणगी कोणी दिली आणि त्या बदल्यात काय मागितले, याचा जाब द्यावाच लागतो. गरीब मुलाच्या फीसाठी आलेला रुपयाही स्वच्छ पावतीचा असला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या विधानसभेत बसेल, अशी आमची उमेद आहे. त्याने आंबेतच्या त्या मुलाची जिद्द जरूर घ्यावी. सर्व समाजांची मते मागावीत आणि सर्वांचे काम करावे. आणि पालकांनो, मत मागावयास आलेल्या उमेदवाराला, तो आपला असो वा परका, एवढे अवश्य विचारा : आमच्या तालुक्यासाठी सभागृहात काय बोललात, आणि आपला हिशेब कोठे पाहावयास मिळेल?