मक्षिकासाक्ष्य व रायगडची एक वदंता

महाडलगतच्या रायगडावर शके १६०२ चैत्र शुद्ध १५ रोजीं (३ एप्रिल १६८०) शिवछत्रपति निवर्तले. सभासद ज्वराची व्यथा सांगतो. विषप्रयोगाची वदंताही पुढें उठली. तिचा निर्णय कोणत्या साक्षीनें व्हावा?

राजान्नाचा बळी टाकावा. तें सविष असल्यास खाणाऱ्या माशा व कावळे तेथेंच मरतात, असें सुश्रुताच्या कल्पस्थानांत (अध्याय १) आहे. चीनमध्यें सुंग त्स यानें १२४७ च्या ग्रंथांत, विळ्यावर जमलेल्या माशांवरून खुनी ओळखल्याची हकीकत दिली. १८९४ त फ्रेंच पंडित मेन्यां यानें प्रेतावर येणाऱ्या कीटकांचा क्रम ग्रंथबद्ध केला. १९८० त तर प्रेतावरील अळ्यांच्या शरीरांतून मृताच्या पोटांत गेलेलें औषध ओळखलें गेलें. मात्र अळीची वाढ उष्णतेवर अवलंबून असते. फ्रान्सचें कोष्टक महाड-पोलादपूरच्या आषाढांत जसेंच्या तसें चालणार नाहीं.

परंतु महाराजांच्या देहास गडावरच अग्निसंस्कार झाला. कीटकांची साक्ष तेथेंच संपली. उरले ते कागद. म्हणून अस्सल समकालीन लेखाच्या आधारावांचून या वदंतेस सिद्धांताचें स्थान देणें न्याय्य नव्हे. तसा लेख कोणाच्या दप्तरांत असल्यास त्यानें तो अवश्य उजेडांत आणावा.