साहेबाच्या ओट्यावरून सूर्याच्या भट्टीकडे

देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात की तिथली माणसं तुम्हाला ‘साहेबाचे ओटे’ हमखास दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाने इथूनच हेलियम शोधला, असं आपण ऐकत आलो. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो. इतिहास मात्र थोडा वेगळा आहे. १८६८ साली नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ग्रहणासाठी आले ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, आणि तेही गुंटूरला. लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, सूर्यज्वालांच्या प्रकाशातली पिवळी रेषा मायदेशातून टिपली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. त्याआधी १८९५ साली रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवरही सापडला होता.

सूर्यावर हा वायू कुठून आला, हे विसाव्या शतकात उलगडलं. हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकत्र येऊन हेलियम बनतो आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. मग ही भट्टी पृथ्वीवर पेटवायची धडपड सुरू झाली. अडचण होती भांड्याची. सूर्याला त्याचं गुरुत्वाकर्षण सांभाळतं. इथे १५ कोटी अंशांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, कशात ठेवायचा? ‘टोकामॅक’ यंत्रात तो मेदूवड्याच्या आकाराच्या धातूच्या पात्रात चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरतात. त्या प्लाझ्मातून लाखो अँपिअर वीज वाहत असते.

कधी कधी हा प्लाझ्मा एकाएकी कोसळतो. भरधाव एसटीला करकचून ब्रेक लागला की उभे प्रवासी फेकले जातात, तसंच इथे होतं. प्लाझ्मातला प्रवाह क्षणार्धात थांबला की फॅरेडेच्या नियमाने पात्राच्या भिंतीत वीज उसळते. भोवती प्रबळ चुंबकीय क्षेत्र असतंच; त्यामुळे भिंतीला जबर धक्का बसतो. शिवाय सरकलेला प्लाझ्मा भिंतीला टेकला, तर त्याचीच वीज भिंतीतून वाट काढते. ती एका बाजूला जास्त वाहिली की अख्खं पात्र आडवं ढकललं जातं. ऑक्सफर्डजवळच्या ‘जेट’ यंत्रात (१९८३ ते २०२३) अशा धक्क्यांनी अख्खं पात्र काही मिलिमीटर हललं. मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण तेवढ्यानेही जोड, आधार आणि नळ्यांवर ताण येतो.

फ्रान्समध्ये उभारणी चालू असलेल्या ‘आयटर’मध्ये प्रवाह दीड कोटी अँपिअरचा असेल आणि धक्के हजारो टनांच्या तोडीचे. त्यावर उपाय म्हणजे गोठवलेल्या हायड्रोजन आणि निऑनच्या गोळ्यांचा चुरा प्लाझ्मात मारून तो बेताने विझवायचा. हे गणित घाटातल्या ब्रेकसारखंच आहे. फार झटक्यात विझवला, तर भिंतीत उसळणारी वीज वाढते. फार सावकाश विझवला, तर प्लाझ्मा भिंतीवर जाऊन आदळतो.

गांधीनगरच्या ‘आदित्य’ टोकामॅकवर आपल्या शास्त्रज्ञांनी १९८९पासून हा प्लाझ्मा हाताळला आहे. आयटरचं सुमारे ३० मीटर उंचीचं बाहेरचं निर्वात कवचही भारताने दिलं. आणि त्यातले चुंबक उणे २६९ अंशांना थंड ठेवणार आहे द्रवरूप हेलियम! लॉकियर यांना सूर्याच्या प्रकाशात दिसलेला वायूच सूर्याची भट्टी धरून ठेवायला मदत करणार. तेव्हा पुढच्या वेळी विजयदुर्गला गेलात, तर त्या ओट्यांवर घटकाभर बसा. तिथे हेलियमचा शोध लागला नसेल. पण सूर्याकडे डोळसपणे पाहण्याच्या एका मोठ्या प्रवासातला तो मुक्काम नक्कीच आहे.